अंध वाचकाने काय वाचावे, हे ठरवणारे आपण कोण?

दर वर्षी ४ जानेवारी उजाडला, की इतिहासप्रेमींच्या वर्तुळात एक कथा हमखास फिरू लागते. फ्रान्समधले कुपव्रे हे लहानसे गाव, घोड्यांचे साज बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा, चामड्याला भोके पाडायची आरी, वयाच्या तिसऱ्या वर्षी झालेली इजा, पंधराव्या वर्षाच्या आसपास सिद्ध केलेली सहा टिंबांची लिपी. आणि शेवटी 'अंधारातून प्रकाशाकडे' अशा धर्तीचे एखादे वाक्य. लुई ब्रेलची ही कथा खोटी नाही. सनावळ्याही बहुधा बरोबर असतात. तरीही ती वाचताना मला दर वेळी चीड येते. का येते, ते या धाग्यात मांडते. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

या कथेत अंध माणसाला शिक्षण मिळते, स्वावलंबन मिळते, सन्मान मिळतो. गोष्टीचे पुस्तक मात्र कधीच मिळत नाही. तो कधी एखाद्या रहस्यकथेपायी रात्र जागवत नाही, विनोदी लेख वाचून एकटाच हसत नाही, एखादी गाजलेली कादंबरी अर्ध्यावर फेकून 'काय भिकार लिहिले आहे' असे म्हणत नाही. मित्राला 'हे वाचच' असा आग्रहही करत नाही. तो फक्त कृतज्ञ असतो.

हा देणाऱ्यांनी लिहिलेला इतिहास आहे. घेणाऱ्यांच्या बाजूने पाहिले, तर गेल्या दोनशे वर्षांत सारखा एकच वाद चाललेला दिसतो: पुस्तक कोणी निवडायचे? हा वाद वगळून ब्रेलची जयंती साजरी करणे म्हणजे लढाई वगळून किल्ल्याचे वर्णन करणे.

आता आरंभापासून पाहू. पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाउई यांनी १७८४-८५च्या सुमारास अंध मुलांना शिकवायला सुरुवात केली आणि १७८६ मध्ये उठावाच्या अक्षरांचा ग्रंथ छापला. अक्षरे नेहमीचीच रोमन, फक्त कागदावर उचललेली. त्या काळात ही मोठीच झेप होती. राजदरबारात प्रात्यक्षिके झाली, पाहणारे थक्क झाले. मुले बोटांनी अक्षर ओळखत आणि डोळस प्रेक्षक तेच अक्षर डोळ्यांनी पडताळून टाळ्या वाजवत. त्या लिपीचा हाच मुख्य गुण होता. ती तपासणाऱ्याला सोयीची होती.

बोटाला मात्र ती सोयीची नव्हती. अक्षर ओळखता येणे आणि वाचता येणे यांत केवढे अंतर असते, हे आपल्यातल्या मोडी शिकलेल्यांना वेगळे सांगायला नको. वर्गात नुकताच आलेला विद्यार्थी एकेक अक्षर लावत जातो. ओळीच्या शेवटी पोहोचेपर्यंत ओळीचा आरंभ विसरलेला असतो. त्या गतीने एखादे तीन ओळींचे पत्र लागेल. बखरीची गोडी काही लागणार नाही. गोडी लागायला अक्षर विसरावे लागते, आणि ते गती आल्याशिवाय विसरता येत नाही. ब्रेलची सहा टिंबे बोटाच्या एका पेराखाली मावतात. बोट थांबत नाही, सरकत राहते. शिवाय ही टिंबे अंध माणसाला स्वतःच्या हाताने लिहिता येतात, म्हणजे टिपण काढता येते, मित्राला पत्र धाडता येते. उठावाची रोमन अक्षरे त्याला अशी सहज लिहिता येत नव्हती.

(एक उपकथा. ब्रेलच्या आधीची चार्ल्स बार्बिए यांची बारा टिंबांची पद्धत 'सैनिकांना रात्री संदेश वाचता यावेत म्हणून' निघाली, असे सर्वत्र छापलेले आढळते. अलीकडच्या संशोधनाने या लष्करी कथेवर गंभीर शंका घेतली आहे. बार्बिए यांचा डोळा लष्करापेक्षा शिक्षणाला मुकलेल्या सामान्य माणसांवर होता, असे दिसते. पुढच्या ४ जानेवारीला तेवढी एक दुरुस्ती तरी कराच.)

ब्रेलने १८२९ मध्ये आपली पद्धत पुस्तकरूपाने मांडली. त्या पुस्तकात शब्दांच्या जोडीला संगीताच्या लेखनाचीही रीत आहे. तो स्वतः पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवत असे. प्रेरणादायी पोस्टमध्ये हा तपशील क्वचितच दिसतो, कारण गाणे आले की मौज आली, आणि मौज त्या साच्यात बसत नाही.

पुढे जे झाले, ते वाचून तुम्हाला आपल्याकडच्या कितीतरी प्रकरणांची आठवण होईल. १८४० मध्ये त्याच संस्थेची सूत्रे पी. आर्मां द्युफो यांच्याकडे आली. त्यांना टिंबे मान्य नव्हती. अंधांनी जगापासून तुटू नये, डोळसांना वाचता येईल अशीच अक्षरे त्यांनी वापरावीत, हा त्यांचा युक्तिवाद होता. जुनी उठावाची पुस्तके त्यांनी जाळली, असे ब्रेलचे चरित्रकार सांगतात. टिंबांना बंदी झाली. विद्यार्थी लपूनछपून टिंबांतच लिहीत राहिले. अखेर त्यांचेच सहायक जोसेफ ग्वादे यांनी ब्रेलची बाजू घेतली आणि १८४४ मध्ये नव्या इमारतीच्या उद्घाटनाच्या वेळी ही लिपी जाहीरपणे दाखवली गेली. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये. ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

'तुटू नये' हा युक्तिवाद नीट ऐका. त्याचा अर्थ असा, की तू काय वाचतोस ते मला कळले पाहिजे. आपल्या समजुतीत न येणाऱ्या लिपीत कोणी सुखाने वाचत बसला आहे, ही कल्पनाच पालकत्व घेतलेल्यांना सोसत नाही. मुलींच्या हातातल्या कादंबऱ्यांविषयी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात जी काळजी वाहिली गेली, तिची ही सख्खी बहीण.

अटलांटिकपलीकडे परिस्थिती वेगळी नव्हती. बॉस्टनमध्ये सॅम्युएल ग्रिडली हाउ यांची उठावाची रोमन अक्षरे चालत. १८६८ मध्ये चार्ल्स डिकन्सने स्वतःचे १,७०० डॉलर देऊन 'द ओल्ड क्युरिऑसिटी शॉप' या आपल्या कादंबरीच्या २५० प्रती त्या लिपीत काढवल्या आणि त्या अमेरिकेतल्या अंधशाळांना पोहोचल्या. डिकन्सला द्यायचे ते श्रेय द्यावे. पण या घटनेची उलटी बाजूही पाहावी. जिचे जगभर चाहते होते अशी कादंबरी अंध वाचकाच्या हाती पडायला खुद्द लेखकाला खिशात हात घालावा लागला. धर्मग्रंथ, बोधपर वाङ्मय आणि पाठ्यपुस्तके यांना अशा दात्याची वाट पाहावी लागत नव्हती.

त्यातच लिप्यांची भाऊबंदकी. बॉस्टनची अक्षरे, इंग्लंडमधल्या विल्यम मून यांची अक्षरे, न्यूयॉर्कची टिंबे, अमेरिकी ब्रेल, ब्रिटिश ब्रेल. एकाच इंग्रजी भाषेत अंध वाचकाला जास्त पुस्तके हवी असतील, तर त्याने चार-पाच लिप्या शिकाव्यात. हेलन केलरने त्या शिकल्याही. छपाई आधीच महाग. त्यात तेच ते ग्रंथ प्रत्येक लिपीत पुन्हा छापले जायचे आणि नव्या पुस्तकाला पैसा उरायचा नाही. इंग्रजीपुरता हा झगडा पुरता मिटायला १९३२ साल उजाडले. लिपी कोणती हे ठरवणाऱ्या मंडळ्यांत डोळस अधीक्षक आणि मुद्रक वजनदार होते. नुकसान वाचकाचे झाले.

आता ध्वनिमुद्रित पुस्तके. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत रसाळ भाग हाच.

आज कानात इअरफोन घालून पुस्तक ऐकणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते, की ही सोय अंध वाचकांसाठी निघाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले इयन फ्रेझर इंग्लंडमध्ये आणि स्वतः अंध असलेले रॉबर्ट आयर्विन अमेरिकेत या खटपटीत पुढे होते. नेहमीची तबकडी चार-पाच मिनिटांत संपायची. अख्खी कादंबरी त्यावर मावणार कशी? म्हणून संथ फिरणारी, दीर्घ काळ चालणारी तबकडी तयार करण्यात आली. अमेरिकेत १९३४ मध्ये आणि इंग्लंडमध्ये १९३५ मध्ये अशी पुस्तके वाचकांकडे पोहोचली. संगीताच्या बाजारात लाँग प्लेइंग रेकॉर्ड आली ती १९४८ मध्ये. म्हणजे ज्याला आपण 'वंचित' म्हणतो, तो या बाबतीत उर्वरित जगाच्या चौदा वर्षे पुढे होता.

आणि पहिली पुस्तके कोणती? अमेरिकेच्या यादीत बायबलचे भाग आणि राष्ट्रीय दस्तऐवज होतेच, शेक्सपिअर होता. पण त्यांच्याच पंगतीला पी. जी. वुडहाऊसचा जीव्ह्‌ज बसला होता. पु. ल. ज्याचे चाहते होते तोच हा वुडहाऊस. इंग्लंडने आरंभ केला तो अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' आणि जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' यांनी. एक रहस्यकथा, एक समुद्रकथा. कोणीतरी योग्य माणसाने वाचकाचे मन ओळखले होते.

विरोध झालाच. ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे, यामुळे लोक ब्रेल सोडतील, असे खुद्द अंधांपैकीही अनेकांना वाटले. ब्रेल सुटण्याची भीती अनाठायी नव्हती. लिहिता येण्यासाठी, शुद्धलेखनासाठी, नकाशे आणि गणितासाठी बोटाखालच्या लिपीला पर्याय नाही. पण 'ऐकणे म्हणजे वाचणे नव्हे' हे मराठी माणसाने तरी म्हणू नये. चातुर्मासात पोथी लावली जाते तेव्हा एक जण वाचतो आणि वीस जण ऐकतात. त्या विसांनी पोथी 'वाचली नाही' असे आपण कधी म्हटले? शतकानुशतके आपले बहुसंख्य लोक वाङ्मयाचे श्रोतेच होते.

विरोधकांत एक नाव अनपेक्षित आहे. जागतिक मंदीच्या ऐन तडाख्यात, लाखो लोक बेकार असताना, बोलक्या पुस्तकांच्या यंत्रांसाठी निधी मागायला हेलन केलरने नकार दिला. ही चैन तूर्त नसली तरी चालेल, असे तिचे मत पडले. ज्या केलरने आपल्या १९०३च्या आत्मचरित्रात अख्खे प्रकरण पुस्तकांच्या प्रेमाला दिले, तिचेच हे मत. पुढे तिने ते बदलले आणि सरकारी मदत मिळवायला हातभार लावला. पण तो पहिला नकार मला जास्त बोलका वाटतो. 'आधी भाकरी, मग पुस्तक' हा हिशेब इतका सभ्य दिसतो, की ज्याला पुस्तकाची सर्वाधिक भूक तोही तो मान्य करून बसतो. हाच हिशेब आजही आपल्या तोंडावर केला जातो: स्पर्धा परीक्षेची पुस्तके ब्रेलमध्ये आली ना, मग कथा-कादंबऱ्यांचे एवढे काय? डोळस उमेदवाराला मात्र अभ्यासिकेतून परतताना कोणी विचारत नाही, की पिशवीत धारपांची भयकथा कशाला.

अमेरिकेच्या १९३१च्या ज्या कायद्याने या पुस्तकांसाठी सरकारी पैसा दिला, त्यात 'प्रौढ अंध' असा शब्द होता. मुले त्यात बसत नव्हती. 'प्रौढ' हा शब्द वगळायला १९५२ उजाडले. हातांत पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही अशा अपंग वाचकांना या योजनेत १९६६ पर्यंत जागा नव्हती.

मग १९८५. हे उदाहरण मी मुद्दाम घेते आहे, नाक मुरडणाऱ्यांनी मुरडावे. लायब्ररी ऑफ काँग्रेसतर्फे वाचकांच्या मागणीनुसार अनेक नियतकालिके ब्रेलमध्ये निघत. त्यांत 'प्लेबॉय' होते. चित्रांशिवाय, फक्त मजकूर: मुलाखती, कथा, विनोद. ओहायोचे प्रतिनिधी चाल्मर्स वाइली यांनी संसदेत हरकत घेतली आणि ग्रंथालयाच्या अनुदानातून १,०३,००० डॉलर कापले गेले. या ब्रेल आवृत्तीवर होणाऱ्या खर्चाइतकीच नेमकी ती रक्कम होती. तेव्हाचे ग्रंथपाल डॅनिअल बुअरस्टिन स्वतः नामवंत इतिहासकार; त्यांना ही कपात पटली नव्हती, पण त्यांनी अंक बंद केला. अमेरिकन कौन्सिल ऑफ द ब्लाइंड ही अंधांची संघटना न्यायालयात गेली. ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायाधीश थॉमस होगन यांनी निकाल दिला, की मजकूर आवडला नाही म्हणून अनुदान तोडणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग आहे. अंक पुन्हा सुरू झाला.

मासिक चांगले की वाईट, हा प्रश्न तिथे नव्हताच. तोच अंक डोळस नागरिक कोपऱ्यावरच्या दुकानातून घेऊ शकत होता. अंध नागरिकाच्या बाबतीत मात्र संसदेला नैतिकतेची काळजी पडली. वाचकाचा हक्क नेहमी कमअस्सल पुस्तकावरच तपासला जातो. गीता किंवा बायबल द्यायला कोणाची ना असते?

आता घराकडे. भारतातली पहिली अंधशाळा अ‍ॅनी शार्प या मिशनरी बाईंनी १८८७ मध्ये अमृतसरला काढली. पुढे ठिकठिकाणी शाळा निघाल्या आणि जितक्या शाळा तितक्या ब्रेलच्या रीती झाल्या. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरली आणि एक फार सुंदर गोष्ट घडली, जिच्याविषयी आपण फारसे बोलत नाही. या पद्धतीत टिंबे लिपीला नव्हे तर ध्वनीला दिली आहेत. मराठीतला 'क', कन्नडमधला 'क' आणि इंग्रजीतले 'के' यांना तीच दोन टिंबे, पहिले आणि तिसरे. डोळसांना ज्या लिप्या एकमेकांपासून तोडतात, त्या या बोटाखाली एक होतात. सीमाभागातल्या अंध वाचकाला कन्नड वाचायला नवी लिपी शिकावी लागत नाही, नुसती भाषा आली की पुरे. भाषावादावर तावातावाने धागे लिहिणाऱ्यांनी यावर क्षणभर विचार करावा.

मराठीत २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. देशातले पहिले ब्रेल वृत्तपत्र असा त्याचा उल्लेख होतो. वृत्तपत्र हे परीक्षेसाठी वाचायचे नसते. आज काय झाले याची उत्सुकता आहे म्हणून वाचायचे असते. मला त्याचे महत्त्व वाटते ते यासाठी.

कायद्याचेही ऐकून घ्या, कारण 'प्रताधिकाराची अडचण आहे' ही सबब फार चालते. २०१२च्या दुरुस्तीने भारतीय प्रताधिकार कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आले. अपंग वाचकांना वापरता येईल अशा रूपात पुस्तक बदलणे आणि ते त्यांना देणे हा त्यानुसार भंग ठरत नाही. आणि हेतू सांगताना कायद्याने शिक्षण व संशोधन यांच्या आधी खाजगी, वैयक्तिक वापर लिहिला आहे. म्हणजे निव्वळ मौजेसाठी वाचणे कायद्याला मंजूर आहे. अशी पुस्तके देशोदेशी पाठवता यावीत म्हणून २०१३ मध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरात करार झाला. त्याला अनुसमर्थन देणारा पहिला देश भारत, जून २०१४. अभिमान बाळगायला हरकत नाही. पण अभिमानाने पुस्तक वाचता येत नाही.

कारण अडसर आता निराळा आहे, आणि तो आपण रोज उभा करतो. होय, आपणच, इतिहासाचे धागे लिहिणारे आणि वाचणारे.

आजचा अंध वाचक फोनवर किंवा संगणकावर स्क्रीन रीडरने वाचतो. एनव्हीडीए नावाचे विनामूल्य स्क्रीन रीडर ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केले. त्यात मराठीही वाचता येते. अट एकच, मजकूर युनिकोडमध्ये हवा. जुन्या मराठी टंकांत घडवलेली फाइल उघडली, तर पडद्यावर सुरेख देवनागरी दिसते आणि यंत्र रोमन अक्षरांची अर्थहीन बडबड वाचते, कारण त्या टंकांनी रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. स्कॅन केलेल्या दुर्मीळ ग्रंथाची पीडीएफ तर नुसते चित्र. आणि आपण काय करतो? राजवाड्यांच्या खंडातल्या पानाचा फोटो टाकतो, त्यावर पिवळी रेघ ओढतो आणि लिहितो: 'हे वाचाच!' स्क्रीन रीडर उच्चारतो: 'चित्र.' शेकडो लाइक पडतात, चर्चा रंगते, आणि मूळ मजकूर काय होता हे एका वाचकाला कळतच नाही. त्याला बाहेर ठेवायला इथे कोणा द्युफोची गरज पडत नाही.

'एवढे टंकायला वेळ कुणाला आहे?' असे उत्तर मला नेहमी मिळते. रेघ ओढायला होता ना? पानभर मजकूर टंकणे दहा-पंधरा मिनिटांचे काम. टंकलेला मजकूर शोधता येतो, उद्धृत करता येतो, चुकीचे वाचन लगेच पकडता येते. म्हणजे इतिहासाच्या विद्यार्थ्याचाही त्यात रोकडा फायदा. आणि कृपा करून याला 'दिव्यांग बांधवांची सेवा' म्हणू नका. तो वाचक तुमच्या इतकाच चिकित्सक आहे. तुमची सनावळी चुकली तर तुम्हाला सोलून काढायलाही तयार आहे. त्याला ती संधी तरी द्या.

या धाग्यात एकही चित्र नाही, ते यासाठीच. खाली तुमचे आवडते ऐतिहासिक पुस्तक सांगा. मुखपृष्ठाचा फोटो टाकलात तर त्याखाली पुस्तकाचे आणि लेखकाचे नाव अक्षरांत लिहा, आणि ते का आवडले तेही. चित्रवर्णनाचा रकाना कुठे असतो ते ठाऊक नसेल तर विचारा, सांगते. तुमच्याजवळ जुन्या टंकातल्या फाइली पडून असतील तर त्यांचीही नावे द्या. युनिकोडमध्ये आणायला आम्ही काही जण बसतो आहोत. पहिली कोणती घ्यायची, हे अंध वाचकांनी ठरवायचे आहे. आतापर्यंत आलेल्या मागण्यांत पानिपतावरचे एकही पुस्तक नाही. तिन्ही रहस्यकथा आहेत.